देवगडच्या माजी हवालदारांना: कान वाजणे आणि अपंगत्व पेन्शन

देवगड तालुक्यातील एका माजी हवालदारांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव गाळून त्यातला आवश्यक भाग येथे देत आहे. ते १९८९ साली तोफखान्यात भरती झाले, चोवीस वर्षे तोफेच्या डिटॅचमेंटवर, म्हणजे तोफ चालवणाऱ्या तुकडीत, राहिले, १९९९ साली त्यांची रेजिमेंट द्रास भागात होती, आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी ते सेवा पूर्ण करून निवृत्त झाले. २००७ साली देवळालीच्या रेंजवरील सरावानंतर त्यांच्या दोन्ही कानांना दडे बसले. ते आठवडाभराने सुटले, पण मागे जो बारीक शिट्टीसारखा आवाज राहिला तो आजतागायत थांबलेला नाही. लष्करी रुग्णालयाने त्यांना श्रवणाच्या खालच्या वैद्यकीय श्रेणीत, म्हणजे एच-२ मध्ये ठेवले. नोव्हेंबर २०१२ मधील रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीपूर्वी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाने, ‘दोन्ही कानांची श्रवणहानी व टिनिटस (कान वाजणे)’ असे निदान करून अपंगत्व २० टक्के, आजीवन, असे लिहिले. मात्र ‘आजार शांतता क्षेत्रात (म्हणजे आघाडीवर नसलेल्या ठिकाणी) सुरू झाला, सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला. सप्टेंबर २०१३ मध्ये दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले आणि त्यांनी ते ट्रंकेत ठेवून दिले. २०१५ पासून ते भावाच्या ट्रॉलरवर जातात. आता अमेरिकेतील पुतण्याने तिकडची माहिती काढून त्यांच्यासाठी एक अर्ज तयार करून पाठवला आहे. त्यांचे तीन प्रश्न आहेत: इतक्या वर्षांनी काही होईल का, पुतण्याचा अर्ज पाठवू का, आणि ट्रॉलरचे काम सांगावे की न सांगावे?

हवालदारसाहेब, आपल्या पत्रातील एक वाक्य मी दोनदा वाचले. मे महिन्यात रात्री वीज जाते, पंखा थांबतो आणि खोलीत आपल्या कानातील आवाजाखेरीज काहीच उरत नाही, तेव्हा आपण उठून किनाऱ्यावर जाऊन बसता, कारण समुद्राच्या गाजेत तो आवाज बुडतो. पावसाळ्यात रातकिडे सुरू झाले की बरे वाटते, असेही आपण लिहिले आहे. घरच्या वहिनी म्हणतात, “खंय काय वाजता? माका तर कायच ऐकाक येना नाय.” त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि आपले तर नाहीच नाही. हा आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही, एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. म्हणूनच या दुखण्याचे माजी सैनिक दावा करतानाच बिचकतात. आपला आवाज आता कोणापुढे सिद्ध करावा लागेल, ही धास्ती प्रथम मनातून काढून टाका. तो सरकारच्याच डॉक्टरांनी, सरकारच्याच कागदावर, २० टक्के म्हणून मान्य केलेला आहे. वाद उरला आहे तो फक्त एका शेऱ्याचा.

त्या शेऱ्याकडे वळण्यापूर्वी पुतण्याच्या अर्जाविषयी सांगतो, कारण तो अर्ज आपण या आठवड्यात टपालात टाकणार असे लिहिले आहे. कृपया तो टाकू नका. मुलाने आपुलकीने केले आहे आणि त्याची माहिती त्या देशापुरती बरोबरही आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या विभागाकडे टिनिटस ही सर्वाधिक मान्य होणारी सेवाजन्य तक्रार आहे. त्यांच्या तक्त्यात तिला ६२६० हा स्वतंत्र क्रमांक आहे, एक कान असो वा दोन, तिला १० टक्केच मिळतात, आणि तिकडे १० टक्क्यांपासून भत्ता सुरू होतो. कान वाजतात हे सांगायला तो माणूस स्वतःच पुरेसा साक्षीदार आहे, हे तेथील न्यायालयाने २००२ साली मान्य केले आहे. पण आपल्याकडे सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्या सैनिकाला अपंगत्वाचा घटक, म्हणजे पेन्शनमधील अपंगत्वापोटीची वेगळी रक्कम, मिळण्यासाठी अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे लागते. पुतण्याच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात ‘मला १० टक्के टिनिटस आहे’ असे आपल्या तोंडी घातले आहे. म्हणजे बोर्डाने दिलेले २० टक्के आपणच आपल्या सहीने अर्ध्यावर आणून उंबरठ्याच्या खाली ढकलतो आहोत.

हा उंबरठा किती कडक आहे, हे ११ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विंग कमांडर एस. पी. राठोड यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. नियत वयोमानाने निवृत्त झालेल्या व्यक्तीचे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर तिला हा घटक मिळत नाही आणि टक्केवारी वर ओढण्याचा नियमही तिच्या मदतीला येत नाही. याउलट २० टक्के गाठलेले असतील आणि सेवेशी संबंध मान्य झाला, तर १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे, सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही २० टक्क्यांऐवजी ५० टक्के धरून रक्कम मिळते. रकमेत बोलायचे तर पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के हा दर आहे. म्हणून वेतनाच्या दर १०,००० रुपयांमागे २० टक्क्यांचे ६०० रुपये होतात आणि ५० टक्क्यांचे १,५०० होतात. त्यावर महागाई भत्ता वेगळा. एकोणीस आणि वीस यांच्यातल्या एका टक्क्यावर एवढे अवलंबून आहे, म्हणून आपल्या बोर्डाच्या कागदावरील त्या ‘२०’ ला कोणत्याही अर्जात हात लावू नका. कोणी ‘पुन्हा बोर्ड मागा, जास्त मिळतील’ असे सुचवले तरी मोहात पडू नका. नव्या बोर्डात टक्के वाढतीलच असे नाही, ते कमीही होऊ शकतात, आणि टक्क्यांविषयी आपली तक्रार मुळात नाहीच.

आता शेरा. सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या बोलीत याला ‘नाना’ म्हणतात. सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे बळावलेलेही नाही, या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. मी सैन्यात कारकुनी केली आहे आणि अशा कागदांच्या चळती माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्या फॉर्मवर कारण लिहिण्याची जागा जेमतेम दोन बोटे रुंद असते, आणि त्या दोन बोटांत चोवीस वर्षांचा निकाल एका ओळीत लागलेला पाहताना मला तेव्हाही वाईट वाटे, आजही वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात जे सांगितले ते आपल्या बाजूचे आहे. तो शिपाई १९८५ साली भरती झाला होता, फेफऱ्याच्या विकारामुळे त्याला नऊ वर्षांनी घरी पाठवले होते आणि बोर्डाने त्याचाही सेवेशी संबंध नाकारला होता. न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो नंतर जडला, तर तो सेवेमुळेच जडला असे गृहीत धरायचे. संबंध सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकायचा नाही. आणि हा आजार भरतीच्या तपासणीत का सापडला नसता याचे कारण बोर्डाने लेखी दिले पाहिजे. आपले नामंजुरीचे पत्र या निकालानंतर दोन महिन्यांनी निघालेले आहे. मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारणे न देणाऱ्या वैद्यकीय अभिप्रायावर पुन्हा बोट ठेवले.

एक हरकत समोरून येईल, ती आधीच माहीत असू द्या. सरकारी वकील म्हणतील की धरमवीर निकाल १९८२ च्या हक्क-नियमांवर, म्हणजे अपंगत्व पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या नियमांवर, आहे आणि आपल्याला २००८ चे नियम लागू आहेत, ज्यांत ते गृहीतक तशा शब्दांत राहिलेले नाही. हे वाचायला बरोबर आहे. परंतु २००८ च्या नियमांतही असे लिहिले आहे की हक्क सिद्ध करण्यास दावेदाराला सामान्यतः सांगितले जाणार नाही; आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात, त्याच नियमांखाली, केवळ शांतता क्षेत्रात आजार सुरू झाला एवढे म्हणणे पुरेसे नाही, बोर्डाने कारणमीमांसा दिलीच पाहिजे, अशी भूमिका घेतली.

आपल्या बाबतीत तर ‘शांतता क्षेत्र’ हा शब्द वस्तुस्थितीशी फारच विसंगत आहे. देवळाली नकाशावर शांत असेल, पण तेथे तोफखान्याचे विद्यालय आहे आणि रेंजवर तोफा डागल्या जातात. १४० डेसिबलच्या पुढचा क्षणिक स्फोट कानाला धोक्याचा मानला जातो. साधी रायफलसुद्धा ती मर्यादा ओलांडते आणि तोफ तिच्याही वर जाते. डेसिबलचे माप बेरजेने चढत नाही, दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा जो अवयव आहे, त्यातील केसपेशी अशा तडाख्याने मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारी खबर तुटली की मेंदू ती पोकळी स्वतःच्या आवाजाने भरतो, असे आज मानले जाते. ही हानी साचत जाते. १९९९ मध्ये द्रासला झालेली आणि २००७ मध्ये देवळालीला उघड झालेली हानी वेगवेगळी मोजता येत नाही. आवाजाने झालेल्या श्रवणहानीची एक ओळखखूणही आहे: ऑडिओग्रामचा, म्हणजे श्रवणतपासणीचा, आलेख ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली जातो आणि ८,००० कडे पुन्हा थोडा वर येतो. आपला २००७ चा आणि २०१२ चा आलेख काढून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या, आणि असा खड्डा असल्यास त्यांच्याकडून दोन ओळींचे लेखी मत घ्या.

येथेच आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. ट्रॉलरचे काम लपवू नका. बोटीच्या डिझेल इंजिनाचा आवाज कानाला वाईट, हे खरे. पण आपला आजार २००७ मध्ये नोंदला गेला, बोर्ड २०१२ मध्ये झाले आणि आपण बोटीवर पाऊल ठेवले २०१५ मध्ये. तारखाच आपले रक्षण करतात. शपथपत्रात ते स्वतःहून लिहिले तर कोणी त्याचा मुद्दा करू शकणार नाही. लपवले आणि नंतर निघाले, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येईल. याच कारणासाठी आज नवा ऑडिओग्राम काढून तो पुरावा म्हणून जोडण्याची घाई करू नका. तो उपचारासाठी काढा. दाव्यासाठी जुनेच कागद मोलाचे आहेत, कारण त्यांत वय आणि बोट या दोन्हींची भेसळ नाही.

ते कागद हाती येणे हे पहिले काम. आपल्याजवळ नामंजुरीचे पत्र आणि डिस्चार्ज बुक आहे. बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, एच-२ श्रेणी देतानाची कागदपत्रे आणि दोन्ही ऑडिओग्राम नाहीत. ती नाशिक रोड कॅम्प येथील तोफखाना रेकॉर्ड ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आपला सेवा क्रमांक, हुद्दा, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि ओळखपत्राची प्रत जोडा, रजिस्टर टपालाने पाठवा आणि पावती जपा. माहिती आपली स्वतःची आहे, ती खासगी म्हणून आपल्यालाच नाकारता येत नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कायद्याखाली पहिले अपील करता येते. यात दिरंगाई परवडणार नाही, याचे कारण त्याच २००८ च्या नियमांत दडलेले आहे: निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून दावा आला आणि तोवर सेवेची कागदपत्रे मुदतीप्रमाणे नष्ट झालेली असली, तर हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. आपली पंधरा वर्षे २०२८ च्या फेब्रुवारीअखेर भरतात. आज जो भार सरकारवर आहे तो केवळ तारीख ओलांडल्यामुळे आपल्या खांद्यावर येऊ देऊ नका.

उशिराविषयी. नामंजुरीविरुद्ध पहिले अपील सहा महिन्यांत करायचे असते आणि ते फेटाळल्यास दुसरेही तेवढ्याच मुदतीत. आपली मुदत केव्हाच संपली आहे, तरी दरवाजा बंद झालेला नाही. पेन्शन दर महिन्याची असते, त्यामुळे ती चुकीने नाकारली गेली तर चूकही दर महिन्याला नव्याने घडते. तरसेम सिंग यांच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले, आणि त्याचबरोबर थकबाकी सामान्यतः दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल असे सांगितले. म्हणजे हक्क जात नाही, पण मागची वर्षे हातातून जातात. आपण ट्रंकेत ठेवलेल्या पत्राची किंमत ती आहे, आणि येथून पुढचा प्रत्येक महिनाही त्याच हिशेबात धरला जाईल.

तेव्हा कागद येताच पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवा, आणि त्यातच विलंब माफ करण्याची विनंती कारणासह करा. कारण जसे घडले तसेच लिहा: ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी ‘यातून काही होत नाही’ असे सांगितले आणि आपण विश्वास ठेवला. आजाराचे लांबलचक वर्णन नको. भरतीला कान निर्दोष होते, चोवीस वर्षे तोफेवर काढली, २००७ ला नोंद झाली, बोर्डाने २० टक्के दिले, आणि संबंध नाकारताना कारण दिले नाही, हे पाच मुद्दे दीड पानात मावतात. आपल्याच तोफेवर असलेल्या एखाद्या सोबत्याचे शपथपत्र मिळाले तर जोडा. कोणत्या वर्षी, कोठे, किती दिवस गोळीबार झाला आणि कानांना संरक्षण काय होते, एवढेच त्यात असावे.

अपील फेटाळले गेले, किंवा सहा महिने कोणतेही उत्तर आले नाही, तर सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात मूळ अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाचा २००७ चा कायदा उत्तर न आल्याची ही सहा महिन्यांची वाट पुरेशी मानतो, आणि तेथील मुदत चुकली असेल तर सबळ कारण पाहून ती माफही करता येते. वकील लागेल. थकबाकीतला हिस्सा ठरवून काम घेणारी, कोऱ्या कागदावर सह्या मागणारी मंडळी आपल्या जिल्ह्यातही फिरतात. त्यांच्याऐवजी सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज तपासून घ्या आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वीर परिवार सहायता योजनेची चौकशी करा. ती २०२५ साली सैनिक कुटुंबांना कायदेशीर मदत मिळावी यासाठीच सुरू झाली आहे.

राहिला तो रोजचा त्रास, जो कोणत्याही निकालाची वाट पाहत नाही. हा आवाज कायमचा घालवणारे खात्रीचे औषध आज नाही, तेव्हा त्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका आणि कानात कोमट खोबरेल सोडू नका. श्रवणहानी सोबत असल्याने श्रवणयंत्राने अनेकांचा आवाज मागे पडतो. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञांची शिफारस घेऊन ते मिळवता येते. आवाज एकाच कानात वाढला, नाडीच्या ठोक्याबरोबर येऊ लागला किंवा चक्कर येऊ लागली, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. किनाऱ्यावर जाऊन बसण्याचा आपला उपाय वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच आहे. पूर्ण शांततेत हा आवाज अधिक मोठा वाटतो. त्यासाठी मध्यरात्री एकट्याने वाळूत जाण्याची गरज पडू नये म्हणून उशाशी बॅटरीवर चालणारा रेडिओ किंवा पावसाचा आवाज साठवलेला मोबाइल, अगदी हळू आवाजात, वीज जाण्याआधीच लावून ठेवा. ट्रॉलरवर इंजिनाजवळ असताना कानांवर इअरमफ हवेतच, आणि भावालाही एक जोडी घ्या. वहिनींना हे पत्र वाचून दाखवा. आवाज त्यांना ऐकू येणार नाही, पण रात्री आपण का उठता ते कळेल.

माहिती अधिकाराच्या अर्जाचे उत्तर आले की बोर्डाच्या त्या पानाची छायाप्रत मला पाठवा. कारणाच्या रकान्यात नेमके कोणते शब्द आहेत ते पाहून अपिलाचा मसुदा मी स्वतः तपासून देईन.